मृगाची वाट

वैशाखातली सकाळ. आई परडी घेऊन अंगणात गेली आणि रिकामी परत आली.

"जास्वंद गेली," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, वाळली असेल. बाहेर जाऊन पाहिलं तर जास्वंद जागेवर होती, पण खालून नुसत्या काड्यांची. माझ्या कपाळाच्या उंचीपर्यंतची पानं, शेंडे, कळ्या, सगळं रातोरात गेलेलं. त्याच्या वर मात्र झाड जसंच्या तसं. दोरी धरून आखावी तशी रेघ. आईचा हात जिथवर पोचतो, नेमकं तिथवर दुसऱ्या कुणाचं तोंड पोचलं होतं. वर सहा-सात फुलं उमलली होती. ती ना तिच्या हाताला लागणारी, ना त्याच्या तोंडाला.

आदल्या संध्याकाळी आईने हाताशी येणाऱ्या कळ्या मोजल्या होत्या. नऊ. मोजलेलं गेलं की जास्त लागतं.

०

आमचं घर संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याच्या बाजूला, गावाच्या शेवटच्या ओळीत. मागे वावर, वावराच्या पलीकडे सातपुडा. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो, तिथलं विहिरीचं पाणी जिभेला कळतं. डोंगराच्या पायथ्याची पट्टी गोड्या पाण्याची, म्हणून इकडे संत्री आणि केळी. वरती अंबाबरवा अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात धरलेलं.

चैत्र सरता सरता सागाचं रान पानं टाकून मोकळं होतं. डोंगर मातीच्या रंगाचा होतो, ओढ्यांमध्ये दगड उरतात. त्याच दिवसांत आमची आई रोज संध्याकाळी भांडी विसळलेलं पाणी जास्वंदीच्या आळ्यात ओतते. डोंगरावरून रात्री खाली येणाऱ्याला आमचं अंगण दिसत नसेल. वास येत असेल. ओल्या मातीचा.

पाणी घातलेल्या झाडाचा कोंभ मऊ आणि रसाळ असतो, शेणखत घातलेलं असेल तर त्यात नत्रही जास्त. आम्ही जे लाडानं वाढवलं तेच आधी खाल्लं गेलं. रानातल्या कुठल्याही झुडपापेक्षा आमची जास्वंद गोड होती, आणि ती आमच्यामुळे गोड होती.

०

कोण आलं होतं ते झाडाला विचारावं.

सशाला वरचे आणि खालचे दोन्ही पटाशीचे दात असतात. तो फांदी तिरपी तोडतो, धारदार सुरीने कापल्यासारखी. हरीण, रोही (म्हणजे नीलगाय), गाय, बकरी यांना वरचे पुढचे दात नाहीत. तिथे कडक हिरडी असते. खालच्या दातांनी फांदी त्या हिरडीवर दाबायची आणि मान झटकून ओढायची, अशी त्यांची रीत. म्हणून तुटल्या जागी चिंध्या राहतात.

आमच्या जास्वंदीला चिंध्या होत्या. शिवाय परसातल्या कोपऱ्यात लेंड्यांचा ढीग. काही ओल्या, काही पार वाळलेल्या. रोह्याची सवय अशी की तो त्याच त्या जागी येऊन लेंड्या टाकतो. म्हणजे तो पहिल्यांदा आलेला नव्हता. आम्ही पहिल्यांदा पाहत होतो.

आमच्याकडे सगळ्यांना सरसकट हरीण म्हणायची पद्धत आहे. जाणकार दोन घराणी सांगतात, सारंग आणि कुरंग. चितळ, सांबर, भेकर हे सारंग: नराची शिंगं गळतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही हे कुरंग: शिंग एकदाच येतं, जन्मभर तेच. झुडपाच्या दृष्टीने यात अर्थ आहे. सारंगाच्या नव्या शिंगावर मखमली कातडी असते. ती सुकली की नर ती खोडावर घासून काढतो. शिंगाची साल निघते, बरोबर झाडाचीही.

मला यात एक नातं दिसतं. शिंगं गाळून पुन्हा वाढवणारं जनावर, आणि छाटलं की पुन्हा फुटणारं झुडूप. दोघं एकमेकांना माणसाच्या कितीतरी आधीपासून ओळखत असणार.

०

झाडाच्या अंगावरच्या कळीच्या जागेला मराठीत डोळा म्हणतात. मला हा शब्द फार जवळचा वाटतो. ऊस लावताना डोळा, संत्र्याचं कलम बांधताना डोळा, गुलाब छाटताना बाहेरच्या अंगाचा डोळा.

फांदीवर असे कितीतरी डोळे असतात, मिटलेले. शेंडा जागा असतो तोवर ते उघडत नाहीत. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं, आणि त्याच्या धाकात खालचे डोळे निजून राहतात. शेंडा गेला की धाक संपतो. मग जिथे एक फांदी होती तिथे दोन फुटतात, तीन फुटतात.

माळी शेंडा खुडतो तो याचसाठी. हरणाने आणि माळ्याने झाडाला केलेलं काम एकच असतं. फरक कुठे थांबायचं याचा.

०

पानं गेली तर फारसं भिऊ नये. साल गेली असेल तर वाकून पाहावं.

पानांनी रांधलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. सांबराने खोड घासून साल सभोवार काढली, पुरता वेढा पडला, तर ती वाट तुटते. वर पानं हिरवी असतात, काही आठवडे टवटवीतही दिसतात, आणि खाली मुळं उपाशी मरत असतात. एका बाजूला बोटभर सालीचा पट्टा शाबूत असेल तर त्या बोटभर वाटेने झाड स्वतःला वाचवू शकतं. जखम किती लांब आहे याने काही ठरत नाही. ती खोडाभोवती फिरून स्वतःला येऊन मिळाली का, एवढं पाहायचं.

अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे संशोधक होते. त्यांनी हजारो खोडं यांत्रिक करवतीने चिरून आतल्या जखमा पाहिल्या आणि १९७७ मध्ये आपलं म्हणणं मांडलं. त्याचं सार असं की झाडाची जखम भरून येत नाही. आपलं कातडं फाटल्या जागी पुन्हा सांधतं, तसं लाकडाला येत नाही. झाड दुखऱ्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं, कुज तिथेच अडवतं, आणि भिंतीच्या बाहेर नवं लाकूड वाढवत जातं. जखम आत तशीच राहते. पुढे कधी खोड चिरलं तर ती सापडते, ज्या साली झाली त्या सालाच्या वलयात.

आजी गेली तेव्हा येणारं-जाणारं प्रत्येक माणूस आईला सांगायचं, दिवस गेले की भरून येईल. इतकी वर्षं झाली, भरून आलेलं मला दिसलं नाही. आईने त्याच्याभोवती घर वाढवलं.

०

डांबर, ऑइल पेंट असलं काही जखमेवर फासू नये. आत ओल कोंडते. चिंध्या झालेली फांदी खाली जिवंत लाकडापर्यंत नेऊन स्वच्छ कापावी, तिरकी, बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या थोडी वर. नखाने साल किंचित खरवडली की कळतं: आत हिरवं असेल तर जीव आहे, तपकिरी असेल तर अजून खाली जायचं.

आमच्या भागात संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा. निळसर पांढरे बुंधे ओळीने उभे असलेले दिसले की समजावं, बाग सांभाळणारं कुणी घरात आहे. डिंक्या रोगाच्या बुरशीला ही पेस्ट अडवते.

या पेस्टची जन्मकथा मला राखणीची कथा वाटते. फ्रान्समधल्या बोर्डोच्या मुलखात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. म्हणून बागवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, फळ विषारी दिसावं एवढ्याचसाठी. १८८२ च्या सुमाराला मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की आतल्या वेली केवड्याने झडल्यात, आणि रस्त्याकडेच्या, शिंपडलेल्या, पानांनी भरलेल्या आहेत. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं.

खाणाऱ्याचं तोंड दूर ठेवायला लावलेलं औषध ठरलं. सदाफुलीचंही असंच. तिची पानं जनावर सोडून देतं, कारण ती कडू आणि विषारी आहेत. त्याच पानांतून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. कडूपणा ज्याच्यासाठी ठेवलेला असतो त्याच्याखेरीज दुसऱ्याच कुणाच्या कामी येतो.

०

जास्वंदीपेक्षा अवघड गोष्ट परसात घडली होती, आणि ती आम्हाला उशिरा कळली.

परसात संत्र्याची दोन कलमं होती, वर्षाची. दोन्ही खाल्ली गेली. एकाची वीतभर काडी उरली, दुसऱ्याची चार बोटं. आम्ही दोन्हींच्या भोवती बोराट्या रोवल्या, कुटार पसरलं, पाणी बेताचं ठेवलं. पावसाने दोन्ही फुटली. चार बोटांचं जे उरलं होतं ते जास्त जोमाने फुटलं. हिरवंगार, सरळ, महिन्याभरात गुडघ्याएवढं. मी त्याचंच कौतुक करत होतो.

शेजारचे आबा आले. एक पान तोडून चुरगाळलं, नाकाशी नेलं, काट्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "जगलं तं खरं, पण हे संत्रं नाही आता. जंभेरी हाय हे."

संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडं. खाली जंभेरी, काटक, आंबट, मातीशी भांडू शकणारी. तिच्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला. जमिनीपासून वीतभर उंचीवर तो जोड असतो. तोंड जोडाच्या वर थांबलं तर संत्रं परत येतं. तोंड जोडाच्या खाली गेलं तर झाड परत येतं आणि संत्रं येत नाही.

तेव्हापासून कुठलंही कलम खाल्लेलं दिसलं की मी आधी जोड शोधतो. गुलाबाचंही तसंच; खालून सात पानांचे लांब सोट जोरात येताना दिसले की खुंट आपलं राज्य घेतोय. मुळं आपल्या बाजूची असतात असं आपण धरून चालतो. मुळांना कुठली बाजू नसते, त्यांना वर जायचं असतं एवढंच.

जगलं का, हा पहिला प्रश्न. काय जगलं, हा दुसरा. दुसरा विचारायला पानाचा वास घ्यावा लागतो.

आबांनी ते उपटू दिलं नाही. "थंडीत डोळा भरू यावर," म्हणाले. "खालचं जित्तं हाय ना."

०

वैशाखातल्या त्या सकाळीच आईला जास्वंद छाटायची होती. ती अशी बोडकी दारात उभी राहिलेली तिला पाहवेना. आबांनी तेव्हाही अडवलं होतं. "आता कैची लावसान तं ऊन पिऊन टाकीन तिले. मिरगापर्यंत हात नका लावू."

त्यांचं खरं होतं. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात सावलीची सवय असलेली साल एकदम उघडी पडली की भाजते. कोवळा फुटवा आला तरी दुपारी करपतो. खत घातलं तर झाड नसलेल्या ताकदीने फुटायला बघतं. आणि पाणी वाढवणं ही सगळ्यात मायेची चूक आहे. पानं गेलेल्या झाडाला पाणी कमी लागतं. उडवून द्यायला पानंच नसतात. जास्त ओतलेलं मुळाशी साचतं आणि मुळं कुजतात. कोमेजलेल्याला पाणी द्यावं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. किती देऊ नये हे शिकावं लागतं.

पऱ्हाट्या उभ्या करून पश्चिमेकडून सावली केली, आळ्यात कुटाराचा थर दिला आणि वाट पाहिली. करण्यासारखं काहीच नसताना दारातल्या झाडापुढून दिवसातून दहादा जायचं, हे मला त्या महिन्यात जमत नव्हतं. आईला जमलं. तिने भांडी विसळलेलं पाणी दुसऱ्या झाडाला घालायला सुरुवात केली.

०

मृग म्हणजे हरीण. मृग म्हणजे पाऊस घेऊन येणारं नक्षत्र. आपल्या भाषेत हे दोन्ही एकाच शब्दात राहतात आणि आपण रोज बोलताना ते विसरलेले असतो.

जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो. ते नक्षत्र आकाशात पाहायचं तर हिवाळ्याच्या रात्री: चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, मागे लखलखता व्याध. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ याच मृगशीर्षावर उभा केला आणि वेदांचा काळ त्यावरून मोजू पाहिला. पण ज्या दिवसांत शेतकरी मृगाची वाट पाहतो त्या दिवसांत मृग दिसत नाही. सूर्य त्याच्याच घरात असतो. मृग दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो, उजेडात बुडालेला.

ज्याच्या नावाने सगळा मुलूख आभाळाकडे पाहतो, ते त्या वेळी आभाळात असून दिसत नाही. माझ्या आजोबांना हे माहीत होतं का, ठाऊक नाही. ते पेरणीची तिफण मात्र मृगाच्या आधी बाहेर काढून ठेवायचे.

वैशाखात मृगाने नेलं. ज्येष्ठात मृगानेच दिलं.

०

राखणीचे प्रकार आमच्या शिवारात पाहावेत.

हरभऱ्याभोवती करडईच्या दोन-तीन ओळी असतात. करडई काटेरी, गुरं आणि रोही तोंड घालायला कचरतात. ते पीकही असतं आणि कुंपणही, शेवटी तेल देतं. मला ही राखण सगळ्यात शहाणी वाटते.

काही धुऱ्यांवर जुनी लुगडी-पातळं बांधलेली असतात. बाहेरच्याला ते दारिद्र्य वाटेल. त्यात हरणाची पुरती ओळख आहे. हरीण उंच उडी घेऊ शकतं, सहा फुटांचं कुंपण चितळाला अडवेलच असं नाही, सांबराला तर नाहीच. पण पलीकडे पाय कुठे टेकणार हे दिसत नसेल तर ते उडी टाकत नाही. तारेतून पलीकडचं दिसतं. पातळातून दिसत नाही. आईची दोन विटलेली पातळं जास्वंदीपुढे आली ती हे पाहून.

शेणकाला पातळ करून गाळून पानांवर शिंपडतात. गाय स्वतःच्या शेणाजवळचं गवत सोडून देते. कुठलंही चरणारं जनावर शेण लागलेलं खायला नाखूष असतं. पाऊस झाला की पुन्हा शिंपडावं लागतं. आणि नव्या शेंड्यावर पुन्हा, कारण नवा शेंडा शिंपडल्यानंतर आलेला असतो.

झटका मशीन आता पुष्कळांकडे आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान मिळतं. त्या तारेचा झटका क्षणाचा असतो; जनावर दचकतं, जगतं आणि आठवण घेऊन जातं. काही जण मात्र खांबावरची वीज सरळ तारेत सोडतात. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले, रोही मेले, रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही मेली. त्या तारेला राखण म्हणू नये. ती कुणालाही ओळखत नाही.

ओळखणं हेच राखणीचं काम आहे. बुजगावण्याला जनावर चार दिवस भितं, पाचव्या दिवशी त्याच्या बाजूने चरत जातं, कारण ते हलत नाही हे कळलेलं असतं. डब्यांचा आवाज, चमकणाऱ्या फिती, रात्रभर चालू ठेवलेला रेडिओ: एकसारखं जे काही असतं त्याची त्यांना सवय होते. जागलीला खोपडीत झोपणारा माणूस खोकतो, उठतो, विडी पेटवतो, कधी गोफण फिरवतो, कधी नुसता हाळी देतो. त्याचा नेम नसतो. माणूस तिथे आहे, याला अजून पर्याय निघालेला नाही.

म्हणूनच तो थकतो. दिवसभर वावरात राबून रात्री त्याच वावरात जागायचं, पौष-माघाच्या थंडीत. राखणीचा हिशेब कुठल्याच उतारा-पावतीत येत नाही. पिकाचा पंचनामा होतो, फळझाडाचाही होतो. गेलेल्या झोपेचा होत नाही.

०

अंगणातल्या एका झुडपावरून करुणेची भाषा बोलणं सोपं आहे, हे मला कळतं. दोन एकर हरभरा घाट्यावर आलेला असताना रोह्यांचा कळप रात्रीत आडवा करून जातो, त्या घरी जाऊन हे बोलू नये. तिथे गप्प बसावं, आणि जमलं तर एक रात्र जागलीला जावं.

हेही खरं की डोंगरात काय आहे त्यावर अंगणात काय उरेल हे ठरतं. अल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनाधिकाऱ्याने तरुणपणी लांडगे मारले होते. पुढे लांडगे संपलेल्या डोंगरांवर हरणांनी एकूण एक झुडूप ओरबाडलेलं त्याने पाहिलं, आणि १९४९ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात त्या पश्चात्तापाचं पान आहे. आमच्या जिल्ह्यात २०१९ च्या अखेरीला टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो मैल चालत ज्ञानगंगेच्या रानात येऊन पोचला, तेव्हा वर्तमानपत्रं त्याच्या पावलांचा माग छापत होती. मी तेव्हा जंगलाचा विचार केला होता. झुडपाचा आता करतो. वाघ जिथून जातो तिथे हरीण एका जागी निवांत चरत नाही. मान वर करतं, दोन घास घेतं, सरकतं. दोन घासांनी झुडूप मरत नाही.

०

बाभळीच्या कोवळ्या रोपाला बोटभर लांब पांढरे काटे असतात. तीच बाभूळ म्हातारी झाली की काटे कमी होत जातात, पुष्कळ झाडांवर तर दिसेनासे होतात. तोंडं पोचतात त्या वयात काटा. वर गेल्यावर त्याची गरज राहत नाही.

माणसाचा काटा बहुतेक वेळा वय वाढल्यावरच दिसतो. त्याच्यापर्यंत पोचणारी तोंडं तेव्हा वाढलेली असतात का, मला सांगता येणार नाही.

०

कालिदासाच्या शाकुंतलात, चौथ्या अंकात, शकुंतला सासरी निघते तेव्हा एक पाडस तिची वाट अडवतं. लहानपणी त्याच्या तोंडात कुशाचं टोक रुतलं होतं. तिने त्या जखमेला इंगुदीचं तेल लावलं होतं आणि सावा मुठीमुठीने भरवून त्याला वाढवलं होतं. त्याच अंकात कण्व मुनी आश्रमातल्या झाडांचा निरोप मागतात, कारण शकुंतला झाडांना पाणी घातल्याखेरीज स्वतः पाणी पीत नव्हती आणि नटायची हौस असूनही त्यांचं पान खुडत नव्हती.

इंगुदी म्हणजे आपलं हिंगणबेट. काटेरी, कोरड्या माळावर तग धरणारं.

झाडाला पाणी, आणि झाड खाणाऱ्याच्या तोंडाला तेल. कालिदासाने हे दोन हात एकाच मुलीला दिले आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही. वैशाखातल्या त्या सकाळी मला वाटली होती. मी हातात काठी घेऊन परसात उभा होतो, आणि समोर जनावर नव्हतंच, खुरांचे ठसे होते.

आई माझ्या काठीकडे पाहून म्हणाली, "त्याले का ठाव, कोनाच्या देवाची हाय ते?"

०

न खाल्ली जाणारी झाडं लाव, असं आईला पुष्कळांनी सांगितलं. कण्हेर, रुई, अडुळसा. कण्हेरीच्या पानापानांत हृदय बंद पाडणारं विष आहे, रुईला चीक, अडुळसा कडू. बाहेरच्या कडेला तीच लावली आहेत आता, आणि जास्वंद त्यांच्या आत. कण्हेर महादेवाला चालते, रुईची माळ शनिवारी मारुतीला. विषारी झाडं त्या दोघांनी आपल्याकडे घेतली आहेत. गणपतीला मात्र हरणाला आवडतं तेच आवडतं.

म्हणून जास्वंद ठेवायचीच होती.

मृगाचे दोन पाऊस झाल्यावर आबांसमोर कात्री लावली. चिंध्या काढल्या, जिवंत लाकडापर्यंत खाली गेलो, बाहेरच्या डोळ्यावर छाटलं. वरची उंच फांदीही आईने काढायला लावली. म्हणाली, हाताला न येणारं फूल कशाला वाढवायचं. पंधरा दिवसांत काडीकाडीवर तांबूस ठिपके आले. श्रावण लागताना पहिली कळी दिसली, पूर्वीपेक्षा खाली, आईच्या कमरेच्या उंचीवर. झाडाला पूर्वीचा आकार आला नाही. आधी ते उभं होतं, आता पसरलं आहे.

रोही अजून येतो. पातळाच्या बाहेर ठसे असतात, कोपऱ्यातल्या लेंड्या ताज्या असतात. आई दर आठ-दहा दिवसांनी बादलीत शेणकाला कालवते, फडक्यातून गाळते आणि कडुलिंबाच्या डहाळीने पानांवर शिंपडते. सकाळी फूल तोडलं की ते तांब्याखाली धरून धुते, पाकळ्या उलटून आतूनही धुते, हुंगून पाहते, पुन्हा एकदा धुते, आणि मग गणपतीला वाहते.